हॉट रॉडसाठी स्टिअरिंग: व्हेगा, सॅगिनॉ, एफ-1 की रॅक?

हॉट रॉड म्हणजे हौसेने बदल करून बांधलेली जुनी गाडी. तिचा स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगची फिरकी चाकांपर्यंत पोचवणारी गिअरची पेटी) विकत घेण्याआधी पुढचा ॲक्सल आणि सस्पेन्शन पक्कं करा. ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) कुठून कुठे जाणार हे ठरलं, की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

बीम ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड ॲक्सल), आडवा पाटा (स्प्रिंग) आणि हलकी बॉडी असेल, तर माझी पहिली पसंती शेव्हरोले व्हेगाच्या (1971–77) मॅन्युअल बॉक्सला. तो लहान आहे, चासीच्या डाव्या रेलवर बसतो आणि ड्रॅग लिंक आडवी उजव्या चाकाकडे जाते. त्याच धर्तीचे नवे बॉक्स मिळतात. भंगारातल्या झिजलेल्या बॉक्सपेक्षा ते नक्कीच बरे. मात्र या मांडणीत पॅनहार्ड रॉड (ॲक्सल चासीला जोडणारा आडवा दांडा) हवाच. पाटा शॅकलवर (टोकाच्या झुलत्या कड्यांवर) डावी-उजवीकडे झुलतो, त्यामुळे रॉड नसेल तर स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळण्याआधी चासीच बाजूला सरकते. रॉड ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्यतो तेवढ्याच लांबीचा ठेवा. नाहीतर खड्ड्यात ॲक्सल वर-खाली झाला की स्टिअरिंग न हलवताही चाकं वळतात. हाच बंप स्टिअर.

गाडी जड असेल, मोठं व्ही-8 इंजिन असेल, तर व्हेगावर भार टाकू नका. मूळचा तो छोट्या गाडीचा बॉक्स आहे. तिथे सॅगिनॉ 525 घ्या. मांडणी तीच, बांधणी दणकट, पण जागा जास्त लागते. एक्झॉस्टचे पाइप आडवे येतात का, ते आधी बघा.

ड्रॅग लिंक चासीच्या कडेने पुढे जाणारा जुना थाट हवा असेल, तर फोर्ड एफ-1 (1948–52) किंवा साठच्या दशकातल्या मस्टँगचा बॉक्स. दिसायला मला हाच सगळ्यात देखणा वाटतो. पण इथे लिंकचा मागचा सांधा रेडियस रॉडच्या (ॲक्सल पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) मागच्या सांध्याच्या शक्य तितका जवळ हवा, म्हणजे दोन्ही एकाच कमानीत फिरतात. चासीच्या रचनेमुळे ते जमत नसेल, तर आडवी मांडणीच करा.

मस्टँग-2 चा रॅक (दातेरी पट्टीचं स्टिअरिंग) स्वतंत्र सस्पेन्शनसाठी, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं तिथे, उत्तम. बीम ॲक्सलवर तो चासीला बांधू नका, बंप स्टिअर ओढवून घ्याल.

बॉक्स कोणताही असो, चाकं सरळ असताना तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्यांच्या बरोबर मध्यावर हवा. गिअर तिथेच सर्वांत घट्ट बसवलेले असतात. मध्य चुकला, तर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सैल लागतं.