पहिलं कटर कुठलं घ्यायचं, पेट्रोलचं का बॅटरीचं?

परवा आमच्या बहिणीचा मुलगा कोरेगावहून आला, आयटीआय झालाय, आता बागकामाची कंत्राटं घ्यायची म्हणतोय, आणि दारात पाय ठेवल्याठेवल्या पहिला प्रश्न, मामा चाळीस हजार जमलेत, झाडं कापायचं चेनचं कटर, म्हणजे चेनसॉ, पेट्रोलचं घेऊ का बॅटरीचं. हेच मला साताऱ्यात आता सारखं कुणी ना कुणी विचारतं, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, फार्महाऊसवाले विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. माझ्याकडं दोन्ही आहेत आणि दोन्ही रोजच्या कामात आहेत.

त्याला मी आधी उलट विचारलं, हातात कामं कुठली आहेत. तर शाहूपुरीत दोन सोसायट्या, गोडोलीला एक बंगला, आणि गावाकडं बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, एखादी निलगिरी. निम्मं उत्तर इथंच आलं बघा. सोसायटीत गुलमोहोर, सोनमोहोर, आंबा, कंपाउंडला मेंदी नाहीतर ड्युरांटा, म्हणजे मनगटापासून मांडीएवढ्या फांद्या, खाली गाड्या लावलेल्या, वर बाल्कनीत माणसं. बांधावर मात्र अख्खा बुंधा आडवा करून दिवसभर तुकडे पाडायचे आणि जवळपास लाईट नाही. दोन्हीकडं सारखंच चालेल असं एक मशीन मला तरी अजून मिळालेलं नाही.

आधी ताकदीचं बोलू, कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी तिथंच होते. ३५-४० सीसीचं बरं पेट्रोल कटर साधारण दीड-दोन किलोवॉटपर्यंत ताकद देतं, टाकी संपली की परत भरा, दोन मिनिटांत चालू. बॅटरीचं गणित स्वतः करून बघा, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ३६ व्होल्ट ५ अँपिअर-अवर म्हणजे १८० वॉट-अवर, आणि जाड लाकडात मशीन बाराशे वॉट खेचत असेल तर सलग कापणं फक्त ९ मिनिटं. ऐकायला कमी वाटतंय ना, पण छाटणीत सलग कुणी कापत नाही, एक फांदी दहा-वीस सेकंद, मग दोरी सोडा, फांदी उतरवा, जागा बदला, आणि बॅटरीचं मशीन मधल्या वेळात काहीच खात नाही. त्यामुळं दोन बॅटऱ्यांवर माझं सोसायटीचं अर्ध्या दिवसाचं काम आरामात निघतं. त्याच दोन बॅटऱ्या बाभळीच्या बुंध्यावर चहाच्या आधी संपतात.

आणि ते ऑनलाइन दोन-तीन हजाराला येतं ना छोटं एकहाती कटर, ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट असं काहीही छापलेलं, त्या आकड्यावर जाऊ नका. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा असतो, आणि त्या पॅकमध्ये बहुतेक वेळा पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे १८ व्होल्ट, फुल चार्ज झाल्यावर २१. बऱ्याच जणांत चेनला आपोआप तेल जायची सोयसुद्धा नसते, दर पाच मिनिटांनी हातानं तेल सोडायला लागतं. घरच्या पेरू-लिंबाला ठीक आहे, पण त्यावर धंदा उभा करू नका.

वजनात बॅटरी खूप हलकी असते असा समज आहे तो पूर्ण खरा नाही. पूर्ण आकाराचं ३६ व्होल्टचं मशीन बॅटरी बसवून साडेचार-पाच किलोच्या आसपास जातं, मध्यम पेट्रोलवालं बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), चेन, तेल धरून साडेपाचच्या पुढं. खरा फरक वजनात नाही, तो चालू-बंद करण्यात आहे. बॅटरीचं बोट सोडलं की शांत. पेट्रोलचं झाडावर बंद करावं तर परत दोरी ओढायला लागते, आणि लोक काय करतात, एका हातात मशीन धरून दुसऱ्या हातानं झटका देतात. हे अजिबात करू नका. पेट्रोल कटर जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये बूट घालून, चेनब्रेक लावूनच चालू करायचं. आणि बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकला की मशीन उसळून तोंडाकडं येतं. माझ्या बाबतीत करंजाची एक फांदी कापताना मागं लपलेली दुसरी फांदी टोकाला लागली, डोळ्याची पापणी लवायच्या आत मशीन वर आलं, चेनब्रेक पडला म्हणून वाचलो. त्या दिवसापासून झाडावर दोन्ही हात मशीनवर असल्याशिवाय आणि कमरेचा बेल्ट बांधल्याशिवाय मी कापत नाही, कुणाला कापूही देत नाही.

बॅटरीचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. आवाज कमी, त्यामुळं खालच्या माणसाला मशीन चालू आहे हे कळतच नाही, आणि बोट लागलं की झटक्यात पूर्ण वेगानं पळतं. चेनला हात लावायच्या आधी बॅटरी काढून खिशात टाका. पेट्रोलचा आवाज मात्र कानाशी शंभर डेसिबलच्या वर जातो, इअरमफ लागतंच, आणि सोसायटीत सकाळी सातला ते सुरू केलं की चेअरमनचा फोन आलाच समजा. बॅटरी घेतल्यापासून मला ते फोन थांबलेत, ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे कारण पुढच्या महिन्याचं काम त्यांच्याच हातात असतं.

खर्चाचं बघायचं तर १८० वॉट-अवरची बॅटरी भरायला, वाया जाणारी वीज धरूनही, पाव युनिटच्या आत भागतं. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर, शिवाय टू-स्ट्रोक ऑइल, ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. पण बॅटरी मरते आणि नवी घ्यायला जीवावर येतं, ते आत्ताच धरून ठेवा. एप्रिल-मे मध्ये टेम्पोच्या केबिनमध्ये बॅटरी ठेवू नका, गरम बॅटरी चार्जरला लावू नका, आणि महिनाभर काम नसेल तर फुल भरून न ठेवता निम्मी भरून सावलीत ठेवा.

पेट्रोलवाल्यांनी पावसाळा सांभाळायचा. पंपावर आता ई२० पेट्रोल मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मी एका वर्षी जूनमध्ये टाकीत पेट्रोल तसंच ठेवून मशीन गुंडाळून ठेवलं, दसऱ्याला काढलं तर चालूच होईना, कार्बोरेटर चिकटलेला, डायफ्राम कडक झालेला, नवीन किट टाकून दोन दिवसांचं काम बुडालं. तेव्हापासून पेट्रोल-ऑइलचं मिक्चर लिटरभरच बनवतो, महिन्यात संपवतो, आणि ठेवून द्यायच्या आधी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. मशीनच्या मॅन्युअलमध्ये किती टक्के इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं, घ्यायच्या आधी ते पान दुकानातच उघडून बघा.

चेनला धार दोघांनाही सारखीच लागते. ३/८ लो प्रोफाइल चेनला (हा आकडा म्हणजे चेनच्या कड्यांचं इंचातलं माप) ४ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ ला ४.८ ची, कोन साधारण ३० अंश. लाकडातून जाड काप उडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा आणि घासा. बोथट चेन पेट्रोलवाला रेस वाढवून रेटतो, बॅटरीवर मात्र चार्ज निम्म्यावर येतो आणि मग लोक मशीनला शिव्या देतात. चेन एकदा मातीला लागली तर धार गेलीच. आणि बारला जळकं इंजिन ऑइल घालायची आपल्याकडं सवय आहे ती सोडा, ते चेनला धरत नाही, सगळं झाडावर आणि आपल्या कातडीवर उडतं.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या दोघांच्या आधी एक चांगली हातकरवत घ्या, ओढताना कापणारी, वाकड्या पात्याची. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं, काप त्याच्या लगेच बाहेर आला पाहिजे, कडं कापायचं नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. जड फांदीला आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून चीर, मग थोडं पुढं वरून काप, फांदी साल न सोलता पडते, मग उरलेला खुंट कड्यापाशी काढायचा. हा शेवटचा काप हातकरवतीनं सगळ्यात स्वच्छ येतो. पेट्रोल कटर इतकं पटकन उतरतं की कडं कधी गेलं ते कळत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी चेनसॉनंच हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही, झाड तिला आतून भिंत घालून बंद करतं, आणि कडं शाबूत असेल तरच ती भिंत नीट बसते. म्हणून डांबर, ऑइलपेंट फासण्यात काही अर्थ नाही. द्राक्ष-डाळिंबाला बोर्डो पेस्ट लावतात तो बुरशीचा विषय, वेगळा. आपल्याकडं १ मे ला गुलमोहोर दिवस साजरा करतात आणि त्याच महिन्यात पावसाच्या भीतीनं गुलमोहोरांची डोकी सपाट केली जातात, ते बघून खरंच वाईट वाटतं. वाळलेल्या आणि एकमेकांना घासणाऱ्या फांद्या काढल्या, शेंडा हलका केला तरी पुरतं.

कुंपणाच्या मेंदीसाठी तुलना करायचीच नाही, बॅटरीचं हेज ट्रिमर घ्या. उंच गवताला मात्र दिवसभर चालवायचं तर पेट्रोल ब्रशकटरच.

पाचगणी-महाबळेश्वरकडं बंगले सांभाळणाऱ्यांना मी वेगळं सांगतो. तिथं सिल्व्हर ओक पडतो तो धो धो पावसात, रस्ता अडलेला, लाईट गेलेली, त्या वेळी चार्जर काय करणार. त्यांनी पेट्रोलच घ्यावं.

भाच्याला मी असं सांगितलं. दर महिन्याचा पैसा सोसायट्यांतून येणार, बांधावरचं काम वर्षातून दोन-तीनदा. तर पहिले सहा-सात हजार हेल्मेट, बेल्ट, दोरी, हातकरवत आणि कानस यात घाल. उरलेल्यात दोन बॅटऱ्यांसकट ३६ व्होल्टचा सेट बसत असेल तर तो घे, तीच बॅटरी पुढं ट्रिमरला, ब्लोअरला चालते. एकच बॅटरी बसत असेल तर घेऊ नको, त्यापेक्षा मध्यम पेट्रोल कटर घे, ते जमिनीवर वापर आणि झाडावर हातकरवतीनं चालव. आणि स्पेअर साताऱ्यातच मिळतंय का, चेन, बार, स्टार्टर दोरी, हे मशीन घ्यायच्या आधी दोन दुकानांत विचारून ये.

नगरपालिका हद्दीत मोठी छाटणी असेल तर आधी परवानगीचा अर्ज, महाराष्ट्राच्या शहरी भागातली झाडं जपायच्या १९७५ च्या कायद्यात झाड तोडणं या शब्दात कापणं, जाळणं, इजा करणं सगळं येतं. फांद्या अकरा हजाराच्या लाईनजवळ असतील तर आधी वायरमनला बोलवून लाईन बंद करून घ्यायची, ओल्या फांदीतून करंट येतो, मग हातात कुठलं का मशीन असेना.

सोमवारी सदरबझारला एका सोनमोहोराच्या दोन वाळक्या फांद्या काढायच्यात, परवानगी आलीय. भाच्याला बोलावलंय, माझी दोन्ही मशीनं खाली ओंडक्यावर आधी चालवून बघेल, वर झाडावर मी जाईन आणि तो दोरी धरेल, मग संध्याकाळी दुकानात जायचं ठरलंय.