क्लच बदलल्याचे १४,७५० घेतले, गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावला नव्हता

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचा राग कुठून येतोय ते कळेल. १४,७५० रुपये. वर मी स्वतःहून पोरांच्या चहापाण्याला दिलेले २००. एकूण १४,९५०. त्याच रात्री त्या गॅरेजला फोटोसकट पाच स्टार देऊन टाकले. हे शेवटचं घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मी अकाउंट्समध्ये आहे. ऑफिसात कोणी खाडाखोड केलेली टॅक्सीची पावती लावली तर मी ती परत पाठवतो, साहेबाची असली तरी. त्यामुळे "तू कसा काय फसलास रे?" हे मेव्हण्याने तीनदा विचारून झालंय. त्यालाही आणि तुम्हालाही एकच सांगतो: त्या मिस्त्रीने क्लचबद्दल मला जे जे सांगितलं त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. खोटं फक्त एवढंच होतं, की त्याने काम केलंच नाही.

गाडी २०१४ ची वॅगन आर, केबलवर चालणारा क्लच. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईच्या आसपास संध्याकाळी सातला काय अवस्था असते ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. पहिला गिअर, अर्धा क्लच, दोन हात पुढं, ब्रेक, पुन्हा अर्धा क्लच. एका चढावर करपल्यासारखा वास आला. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जेमतेम सरकतेय. तेवढ्यात एका बाइकवाल्याने काचेवर टकटक केलं. "दादा, क्लचप्लेट गेली तुमची. असंच चालवलं तर मधेच बंद पडेल. पुढं डाव्या हाताला गॅरेज आहे. माझं कोणी नाही हां तिथं."

हा बाइकवाला कोण असतो ते सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. चाकावर ऑइल उडवून "लीकेज आहे" सांगणारे मी ओळखतो, त्यांना हात दाखवून पुढं जातो. पण इथं वास खरा होता ना! गाडी खरोखर ओढत नव्हती. मागं हॉर्नचा गोंगाट, मागच्या सीटवर आई. अशा वेळी टो करून ओळखीच्या मेकॅनिककडे नेतो म्हणणाऱ्याने आधी त्या रस्त्यावर सातला टोइंग व्हॅन मागवून दाखवावी.

गॅरेजवाल्याने दोन मिनिटं गाडी पुढंमागं केली आणि हिशेब मांडला. क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेटचा सेट ५,४००. रिलीज बेअरिंग १,३५०. फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून आणायचं, २,२००. फोर्क ९५०. गिअर ऑइल १,१५०. मजुरी ३,७००. मी म्हटलं, नुसती प्लेट बदलून भागणार नाही का? तर म्हणे, "सर, प्लेट बदला, पण महिन्याने बेअरिंग गेलं तर परत गिअरबॉक्स उतरवायला लागेल, परत मजुरी." हे अगदी खरं आहे. कुठलाही चांगला मेकॅनिक हेच सांगेल. मग माझा विश्वास बसणार नाही तर काय होणार?

आता मला क्लच तोंडपाठ झालाय, तो असा. इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, फ्लायव्हील नावाचं जड चाक बोल्टांनी घट्ट बसवलेलं असतं. त्याला टेकून क्लचप्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर रिव्हेटने ठोकलेलं, मधल्या हबला आतून दाते, आणि त्या दात्यांत गिअरबॉक्सचा शाफ्ट अडकतो. त्यावर प्रेशर प्लेट, तिचं कव्हर फ्लायव्हीललाच आवळलेलं. तिच्यातली डायफ्राम स्प्रिंग क्लचप्लेटला सतत फ्लायव्हीलवर दाबून धरते. म्हणजे पाय पेडलवर नसतो तेव्हा क्लच लागलेला असतो, इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्समध्ये जातं. पेडल दाबलं की केबल फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढं सरकवतो, बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं, प्रेशर प्लेट मागं हटते आणि क्लचप्लेट मोकळी होते. तेवढ्या वेळात आपण गिअर बदलतो. हे सगळं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बंद घरात. गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय कोणालाच काही दिसत नाही. चोराला यापेक्षा सोयीची जागा गाडीत दुसरी नाही. टायर न बदलता बदलला म्हणून सांगता येईल का?

गाडी रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन, "सर, खोललंय, बघायला येता का?" माझी ऑडिटची बैठक, ऑफिस फोर्टला. दुपारी दोनला फोर्टहून पवईला कोण जातं, आणि हे त्यालाही ठाऊक. म्हणजे बोलावणं केलं होतं, न येणं माझ्या खात्यात.

संध्याकाळी गेलो तेव्हा गाडी धुऊन तयार. पोराने वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी प्लेट आणली. "बघा, काही उरलंच नव्हतं. रिव्हेट घासायला लागले होते." होतेच. अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलेलं, एके ठिकाणी तुकडा उडालेला. मी प्लेट हातात घेतली, मधल्या भोकात बोट घातलं, तर दात्यांच्या खाचांत तांबूस गंज. बोटाला लागला, मी तो रुमालाला पुसला. रुमाल अजून आहे, डाग गेला नाही. तो क्षण मला रात्री झोपू देत नाही. काल संध्याकाळपर्यंत जी प्लेट शाफ्टवर मागंपुढं सरकत होती तिचे दाते घासून चकचकीत असायला हवेत. खाचाखाचांत गंज बसलेली प्लेट कित्येक दिवस कुठल्या तरी कोपऱ्यात पडून असते. शिवाय प्लेट झिजते तेव्हा काळी भुकटी होते, हात काळे व्हायला हवेत. माझे झाले तांबडे! आणि त्या पोराचे हात? मनगटापर्यंत स्वच्छ. पण हे सगळं आज कळतंय. अकाउंट्सच्या माणसाला क्लचप्लेटच्या दात्यांना गंज चढतो की नाही हे कोणत्या व्हाउचरवर शिकवतात?

"पार्ट घेऊन जातो," मी म्हटलंही होतं. "कशाला सर, डिकी खराब होईल, भंगारातच जायचंय." गेली भंगारात? छे. ती प्लेट माझ्यानंतर आणखी कितीजणांच्या हातात ठेवली असेल देव जाणे. जुना पार्ट तुमचा असतो, मागून घ्या. डिकी खराब झाली तर होऊ दे.

गाडी चालवली, तर एकदम मस्त. पेडल हलकं, वास नाही, गाडी तीरासारखी. म्हणूनच ते २०० आणि ते पाच स्टार.

पुढं पावसाळ्याच्या तोंडावर ॲक्सलचं रबरी बूट फाटलं म्हणून भांडुपच्या एका मेकॅनिककडे गेलो. ॲक्सल बाहेर काढायचा तर गिअर ऑइल आधी काढावं लागतं. त्याने काढलं, भांड्यात बघितलं आणि मला विचारलं, "हे कधी भरलंय?" मी अभिमानाने सांगितलं, दोन महिन्यांपूर्वी, क्लच बदलला तेव्हा. त्याने मला गाडीखाली वाकायला लावलं. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टांच्या डोक्यांवर वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल यांचा पापुद्रा बसलेला, कोपरे अखंड. पाना लागला असता तर तो पापुद्रा पहिल्यांदा फुटला असता. "साहेब, हा गिअरबॉक्स कंपनीतून आला तसाच आहे."

मग केलं काय होतं? केबलचा नट सैल केला होता. बस. क्लचप्लेट जशी झिजते तशी स्प्रिंगची बोटं बेअरिंगच्या दिशेने सरकत जातात आणि केबलमध्ये असलेली सूट, म्हणजे ढील, संपते. सूट संपली की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग बोटांवर दाब देत राहतं, प्लेट पुरती आवळली जात नाही, घसरते, तापते, वास येतो. नट फिरवून सूट परत दिली की काम झालं. दहा मिनिटं. भांडुपवाल्याच्या मते प्लेट अजून बरीच चालेल. त्याने बूट, ऑइल आणि मजुरी मिळून २,१५० घेतले, समोर बसवून काम केलं आणि फाटलेलं बूट न मागता पिशवीत घालून दिलं.

तुमचा क्लच केबलचा असेल तर पेडल हाताने दाबून बघा, सुरुवातीला थोडं सैल लागलं पाहिजे. किती, ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हायड्रॉलिक असेल तर ही केबलची भानगड नाही, तिथं फ्लुइडची पातळी आणि गळती बघा. आणि क्लच खरंच गेलाय का हे पैसे न देता कळतं: मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, चौथा गिअर, इंजिन थोडं वाढवून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर घसरतोय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलंत तर चांगला क्लचही जाळाल. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, प्लेटवर नाही.

आता सरकारदरबारी. गॅरेजवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "प्रूफ काय आहे? नंतर दुसऱ्याने चिखल लावला असेल." वर, "तुम्ही आमचे कस्टमर, पुढची सर्व्हिस फ्री करून देतो." पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी आधी मला ज्ञान दिलं की ४२० आता राहिलं नाही, नवीन कायद्यात फसवणूक ३१८ मध्ये आलीय. मी म्हटलं, मग ३१८ लावा. तर म्हणे, हा दिवाणी मामला. तुम्ही पैसे स्वखुशीने दिलेत. स्वखुशीने! अर्ज घ्या म्हटलं तर मोठे साहेब राउंडवर. परत गेलो तर साहेब बंदोबस्तावर. शेवटी अर्ज घेतला, पण आवकचा शिक्का मागितल्यावर असं बघितलं जणू मीच क्लच चोरलाय. आरटीओत सांगितलं, आम्ही गाड्या बघतो, गॅरेज नाही. वॉर्ड ऑफिसात म्हणाले, लायसन्स आहे की नाही बघतो, नसलं तर नोटीस काढू, पण तुमच्या पैशांशी आमचा संबंध नाही. नोटीस निघाली का? खिडकीवरचा माणूस म्हणे, फाइल वरती गेलीय. वरती म्हणे, खाली आहे. कर भरायला मात्र प्रत्येक खिडकी उघडी असते बघा. आणि भांडुपच्या त्या भल्या माणसाने सगळं दाखवलं, पण लिहून द्यायला तयार नाही. "साहेब, याच लाइनीत पोट भरायचंय." त्याला काय बोलणार.

माझ्याकडचं बिल म्हणजे साधा कागद, वर 'एस्टिमेट' लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. यूपीआय केलं ते तिसऱ्याच कोणाच्या नावावर गेलं, नाव मी पैसे पाठवताना वाचलंही होतं. पक्कं बिल नाही तर पैसे नाहीत, एवढं तोंडावर म्हणा. जीएसटी वाचतो म्हणून गप्प बसू नका, मी त्याच मोहात गप्प बसलो असं मेव्हणा म्हणतो. मी म्हणतो, गॅरेजवाल्याने विचारलंच नव्हतं. गिअरबॉक्स उतरवताना हजर राहता येत नसेल तर व्हिडिओ कॉल लावायला सांगा, आणि त्यात तुमची नंबर प्लेट आणि खाली ठेवलेला गिअरबॉक्स एकाच चित्रात दिसू दे. नुसत्या गिअरबॉक्सचा फोटो कुठल्याही वॅगन आरचा असू शकतो.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार टाकलीय. कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि घटनेपासून २ वर्षांची मुदत असते. सोबत जोडलंय ते असं: तो एस्टिमेटचा कागद, यूपीआयची नोंद, बोल्टांवरच्या चिखलाचा व्हिडिओ, काढलेल्या गिअर ऑइलची बाटली भरून ठेवलीय तिचा फोटो. पाच स्टार काढून एक केला, तर गॅरेजवाल्याने खाली उत्तर दिलंय की हा माणूस आमचा ग्राहकच नाही. त्याचा स्क्रीनशॉटही जोडलाय, कारण त्या यूपीआयच्या नोंदीशेजारी तो फार छान दिसतो.