आरुशाचं कोर्ट की गवतावरची गचाचा?
भाची एलएलएमला आहे, परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता म्हणाली, मामा, रवांडाच्या 1994 च्या नरसंहारावर डेझर्टेशन करायचंय, पण यूएनचं कोर्ट घेऊ का गचाचा, म्हणजे तिथली गावकोर्टं, काय सुचंना झालंय.

खर्च आणि वेग बघितला तर यूएनचं कोर्ट टांझानियात आरुशाला, 2015 अखेर बंद होईतोवर अब्जावर डॉलर गेले आणि आरोपी 93. गचाचा म्हणजे गावातच गवतावर बसून न्याय, पंच गावानंच निवडलेले, 2012 पर्यंत दहा लाखांवर खटले निकालात काढले.

पण खरा मुद्दा भाषेचा आणि रीतीचा. आरुशात 'इन्येंझी' म्हणजे झुरळ हा शब्द तुत्सींसाठी, म्हणजे ज्यांचा संहार झाला त्या समाजासाठी, कसा वापरला हे भाषातज्ज्ञाकडून समजून घ्यावं लागलं, आणि अकायेसू या आरोपीच्या, तिथल्या एका माजी महापौराच्या, 1998 च्या निकालात न्यायाधीशांनी लिहून ठेवलंय की रवांडात आडवळणानं उत्तर देणं ही रीतच आहे. हे वाचून मी थांबलोच, आपल्याकडं पण म्हातारी माणसं 'काय सांगायचं बाबा' म्हणूनच सुरू करतात की. गचाचात दुभाष्याच लागत नव्हता, पण तिथं वकीलही नव्हता, आणि ज्याच्याविरुद्ध बोललो त्याच्याच शेजारी परत राहायचं होतं. शिवाय आरपीएफच्या, म्हणजे संहार थांबवून सत्तेवर आलेल्या तुत्सीबहुल बंडखोर फौजेच्या, सैनिकांचे गुन्हे तिथं घेतलेच नाहीत, हे मला फार खटकतं.

बलात्कारसुद्धा नरसंहाराचं कृत्य ठरू शकतो हे अकायेसूच्याच निकालानं मांडलं, तेव्हा कायद्याची व्याख्या कशी घडते ते बघायचं असेल तर आरुशा घे. मारणारे आणि वाचलेले एकाच गावात परत कसे नांदले ते बघायचं असेल तर गचाचा.