राजवाडा ते विधानसभा : पणजीतील एक अभ्यासफेरी

मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्यापासून सुरू होणारी ही दोन तासांची मार्गदर्शित फेरी राजसत्ता आणि संसद यांचे बदलते नाते उलगडून दाखवते. याहून समर्पक वास्तू पणजीत सापडणार नाही, कारण सुलतानाचा हा वाडा 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयांचे निवासस्थान झाला आणि गोवा मुक्तीनंतर 2000 पर्यंत विधानसभाही येथेच भरत असे.

मार्गदर्शकांनी सर्वाधिक वेळ 1820 च्या पोर्तुगीज क्रांतीला दिला आणि तो सार्थकी लागला. राजाला संविधानाच्या चौकटीत बसवू पाहणाऱ्या लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यानेही प्रतिनिधी निवडले होते व त्यांत बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा हे गोमंतकीय होते. 1826 च्या सनदेने मात्र ‘नियामक सत्ते’च्या नावाखाली सभागृह विसर्जित करण्याचा अधिकार राजाच्या हाती दिला, हा पेच त्यांनी फार सुरेख सोडवून सांगितला.

1910 मध्ये पोर्तुगालची राजेशाही गेली, तरी हुकूमशहा सालाझारच्या काळात संसद नामधारीच राहिली. या विषयाला जेमतेम दोन वाक्ये मिळाली, हे खटकले. ध्वनिक्षेपक नसल्याने वाहनांच्या गोंगाटात मागे उभ्या असलेल्यांना (आणि आम्ही मागेच होतो) निम्मे ऐकूच आले नाही. पर्वरीचे नवे विधानभवन फेरीत नाही.