पॅक-मॅन: चार भुतं, प्रत्येकाला एकच नियम

अनेक रोबो मिळून एकाला कसे गाठतात हे गणित ज्यांना समजून घ्यायचंय त्यांनी जाडजूड पेपर उघडायच्या आधी नामको या जपानी कंपनीचा 1980 चा पॅक-मॅन खेळून बघा, मूळ आर्केडवालाच, तो आता पीसी कन्सोल सगळीकडे मिळतो. तोरू इवातानींनी बनवलेला हा गेम, म्हणजे चौकटींच्या भुलभुलैयात ठिपके खात चार भुतांपासून पळायचं, दिसायला पोरखेळ वाटतो पण आतलं डोकं जबरी आहे.

लाल ब्लिंकी तुम्ही उभे आहात त्याच घराकडे धावतो. पिंकी तुमच्या तोंडासमोरचं चौथं घर धरते. इंकीचं सगळ्यात भारी, तुमच्या दोन घरं पुढचा पॉइंट घ्यायचा, ब्लिंकीपासून तिथपर्यंत रेघ मारायची आणि ती तेवढीच पुढे वाढवायची, तिथे हा जाणार, म्हणून ब्लिंकी पाठीशी लागला की इंकी बरेचदा समोरून येतो. क्लाइड लांबून पाठलाग करतो आणि आठ घरांच्या आत आला की चक्क डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे पळतो. बास, एवढंच. पुढचा प्लॅन वगैरे काही नाही, चौकात आलं की टार्गेटला सरळ रेषेत जवळ पडेल तिकडे वळायचं. तरी खेळताना शप्पथ वाटतं की चौघं ठरवून घेरतायत!

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही तसंच इथे, भुतं फक्त मोड बदलला की, म्हणजे पाठलाग सोडून कोपऱ्याकडे निघाली किंवा परत पाठलागाला लागली की, उलटी फिरतात. पहिल्या लेव्हलला सुरुवातीची 7 सेकंद ती आपापल्या कोपऱ्यात जातात, मग 20 सेकंद पाठलाग, मग परत दम. चौघं खरंच ऑप्टिमल खेळली असती तर आपण मिनिटभर टिकलो नसतो, त्यामुळे हा मुद्दाम दिलेला ढिलेपणाच मला आवडला. पिंकीला तर समोरून अंगावर जाऊन पळवता येतं, कारण तुम्ही जवळ आलात की तिचं टार्गेट तिच्याच मागे पडतं.

एक मोठी खोट म्हणजे तुम्ही त्याच चाली केल्यात की भुतंही तेच करतात, मग लोक रूट पाठ करतात आणि पाठलागाची मजाच जाते. मिस पॅक-मॅनमध्ये भुतांच्या चालीत थोडा रँडमपणा टाकलाय, ते बरं केलं.

मोबाईलवर स्वाइप करत खेळू नका, जॉयस्टिक नाहीतर कीबोर्ड घ्या. ठिपके खाताना तुम्ही भुतांपेक्षा हळू असता, पण कोपरा यायच्या आधीच वळण दाबून ठेवलं तर पॅक-मॅन त्यांच्यापेक्षा पटकन वळतो, आणि बाजूच्या बोगद्यात ती जवळपास निम्म्या स्पीडवर येतात. जीव वाचवायला या दोन जागा कामाला येतात.