जुन्या गोव्यातलं सांता मोनिका: म्युझियम बघा, पण आधी समोरचे भग्नावशेष

बॉम जेझू बॅसिलिकाच्या गर्दीतून सांता मोनिका या नन्सच्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये (मठात) येणारे बहुतेक जण दमलेले असतात, कारण वाटेत मोन्ते सांतो टेकडीचा चढ लागतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. सकाळी आधी ही टेकडी, बॅसिलिका नंतर.

टेकडीवरही सुरुवात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चच्या ४६ मीटर उंच मनोऱ्यापासून करावी. इथे ऑगस्टीनियन पंथाचे फ्रायर, म्हणजे मठवासी साधू, राहत. त्यांच्याच पंथाच्या नन्ससाठी आर्चबिशप मेनेझिस यांनी समोर सांता मोनिका बांधायला घेतलं. काम १६०६ ते १६२७ चाललं, १६३६ मध्ये आग लागली आणि पुन्हा बांधावं लागलं. पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे पंथ बरखास्त केले, तेव्हा फ्रायर गेले. त्यांच्या चर्चची डागडुजी थांबली आणि १८४२ मध्ये छत कोसळलं. सांता मोनिकातल्या नन्सना राहू दिलं, पण नव्या मुली घ्यायला बंदी होती. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. एक इमारत पडली, दुसरी टिकली, याचं कारण इतकं साधं आहे.

म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट याच कॉन्व्हेंटमध्ये आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर ते २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. चांदीचा पेलिकन चुकवू नका. हा पक्षी स्वतःच्या रक्तावर पिल्लं जगवतो, अशी जुनी समजूत. म्हणून तो ख्रिस्ताचं प्रतीक. हस्तिदंती मूर्ती बाजूनेही बघा, दाताचा मूळ बाक अंगात उतरलेला दिसतो. हिंदू कारागिरांनी अशा मूर्ती घडवू नयेत असं १५६७ च्या धर्मपरिषदेने ठरवलं होतं. ते किती पाळलं गेलं, हे मूर्तींच्या चेहऱ्यांवरून ताडा!

पंथ ओळखायचा तर चिन्हं बघावीत. बाण रुतलेलं, पेटतं हृदय ऑगस्टीनियनांचं. एकमेकांवर आडवे दोन हात आणि मागे क्रूस म्हणजे फ्रान्सिस्कन. तोंडात मशाल धरलेला कुत्रा दिसला तर डोमिनिकन. येशूच्या नावाची खूण असलेल्या ‘आयएचएस’ या अक्षरांवर मात्र घाईने जेझुइट असा शिक्का मारू नका. ती इतर पंथांनीही वापरली आहेत.

दमट हवेत हस्तिदंत फुगतो, कोरड्यात आकसतो, मग तडे जातात. भरतकामाचे रंग उजेडाने उडतात. त्यामुळे अशा दालनांत उजेड बेताचाच असतो. फ्लॅश अजिबात वापरू नये.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. हे कलेचं म्युझियम आहे. बंदिस्त नन्सचा दिनक्रम समजून घ्यायचा असेल, तर काचेच्या कपाटांपेक्षा जाड भिंती आणि आतलं चौकोनी अंगण जास्त उपयोगी पडतं.