जमिनीखाली १०१ मीटरवर मिठाचं देऊळ: पोलंडची व्येलिच्का खाण

आमचं कोल्हापुरात किराणा दुकान. आजोबांच्या वेळी खड्या मिठाचं पोतं दुकानाबाहेर पायरीवरच असायचं, रात्रीसुद्धा. मीठ कोण चोरतंय? त्यामुळे पोलंडमध्ये क्राकुफ शहरात नोकरीला असलेली लेक म्हणाली, "बाबा, रविवारी मिठाची खाण बघायला जाऊ," तेव्हा मी सरळ सांगितलं, तुम्ही जाऊन या, मी घरी झोपतो. चाळीस वर्षं मीठ विकतोय, आता बघायचं काय राहिलंय?

गेलो, ते बरं झालं.

आधी तिकिटाचं सांगतो, कारण तिथंच आम्ही फसलो. शहरातल्या एका स्टॉलवर 'हॉटेलवरून ने-आण' असं पॅकेज घेतलं. गाडी पाऊण तास उशिरा आली आणि ड्रायव्हर वर आमच्यावरच खेकसला. याची काही गरज नव्हती. क्राकुफहून लोकल गाडी सुटते, अर्ध्या तासाच्या आत खाणीजवळच्या स्टेशनात सोडते. तिकीट स्वतः ऑनलाइन काढा, भाषा आणि वेळ निवडून. आत एकट्यानं फिरता येत नाही, गाईडबरोबरच जायचं. आमचा गाईड इंग्रजी बोलणारा होता. मला निम्मं कळलं, उरलेलं लेकीनं सांगितलं.

सुरुवात लाकडी जिन्यानं. सात पायऱ्या, वळण, सात पायऱ्या, वळण, अशा पावणेचारशेच्या वर पायऱ्या उतरून ६४ मीटर खाली. बायकोनं पन्हाळ्याची आठवण काढली, मी फक्त गुडघ्याची. पुढंही पायऱ्या आहेतच, सगळ्या मिळून आठशेच्या आसपास. वर यायला लिफ्ट आहे, हे कळलं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. खाली बारा महिने गारवा, स्वेटर घालूनच उतरा.

खाली गेल्यावर पहिला धक्का म्हणजे मीठ पांढरं नाही! करडं, काळपट, आपल्या घाटातल्या दगडासारखं. गाईड म्हणाला, चाटून बघितलं तरी चालेल. मी भिंतीला जीभ लावली. बायको ओरडली, "अहो, अख्ख्या जगाचं उष्टं ते!" पण धंद्याची सवय, चव घेतल्याशिवाय राहवत नाही. कडक माल, जरा रेताड.

तेराव्या शतकापासून इथं खोदकाम चालू होतं, ते थेट १९९६ पर्यंत. पूर्वी राजाच्या तिजोरीत जवळजवळ एक तृतीयांश पैसा मिठाचा यायचा म्हणे. मला आमचं पायरीवरचं पोतं आठवलं. खाण ३२७ मीटर खोल, बोगदे अडीचशे किलोमीटरच्या घरात. आपल्याला त्यातले तीनेक किलोमीटर दाखवतात, तेवढ्यानंच पाय भरून येतात. घोड्यांनी फिरवायचे लाकडी रहाट बघा, सावकाश बघा. आणि ती माणसांची चित्रं: ओले कपडे अंगावर, जमिनीवर सरपटत, हातात लांब काठीला पलिता. छताला साठलेला मिथेन वायू हे लोक असा जाळून टाकायचे, म्हणजे मागच्यांना धोका नको. आपण मात्र मीठ सांडलं तर पायानं बाजूला सारतो.

मीठ खोदणाऱ्यांची संत किंगा, तिचं देऊळ (चर्च म्हणा हवं तर) १०१ मीटर खोल आहे. लांबी ५४ मीटर, उंची १२. १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि मोजक्या खाणकामगारांनी काही दशकं ते कोरलं. जमीन बघून मला वाटलं, फरशी बसवलीय. वाकून हात फिरवला, तर अखंड मीठच, त्यावर फरशीच्या रेघा कोरलेल्या. झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे, शुद्ध करून केलेले, म्हणून काचेसारखे. लिओनार्दोच्या 'शेवटच्या भोजना'वरून अँटोनी विरोदेक या कामगारानं भिंतीत देखावा कोरलाय. लोक तिथंच फोटो काढत उभे राहतात.

पण मला थांबवलं ते त्याआधीच्या लहान देवळानं, संत अँथनीच्या. सतराव्या शतकाच्या अखेरचं आहे. वरून येणाऱ्या दमट हवेनं तिथले संत विरघळलेत. नाक गेलं, बोटं गेली, एकाचं तर तोंडच पुसट होऊन नुसता गुळगुळीत खांब उरलाय. आमच्या कुळदेवीचा तांदळा आहे ना, अगदी तसाच. भोवतीचे लोक पुढं सरकले, मी उभाच. मृगाच्या तोंडावर आमचं पोतं असंच पाझरायला लागतं. आजोबा खाली विटा आणि भाताचं तूस घालायचे. इथंही तोच शत्रू. १९७८ मध्ये युनेस्कोच्या पहिल्या बारा वारसास्थळांत ही खाण होती, आणि १९८९ मध्ये ती धोक्याच्या यादीत गेली, कारण दमट हवा कोरीवकाम खात होती. हवा कोरडी करायची यंत्रं बसवल्यावर १९९८ मध्ये यादीतून निघाली. विटा-तुसाचाच मोठा भाऊ!

न आवडलेलं: खाणीतल्या तळ्याकाठी रंगीत दिवे आणि संगीत. काळोख आणि पाणी पुरेसं होतं. जमिनीखाली हॉटेलही आहे, आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या नेल्या होत्या, त्या वर येऊन बाकावर बसून खाल्ल्या. शेजारच्या म्हाताऱ्या पोलिश बाईंना एक दशमी दिली. लेकीनं त्यांना सांगितलं, आम्ही कोल्हापूरचे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित राहिले होते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

कुणी जावं? ज्याचे गुडघे धड आहेत आणि ज्याला बंद जागेची भीती नाही, त्यानं नक्की. अर्धा दिवस मोकळा ठेवा.

खाणीच्या दुकानातून मी काही घेणार नव्हतो. मिठाच्या व्यापाऱ्यानं परदेशात मीठ विकत घ्यायचं? बायकोनं गुपचूप एक खडा घेतला. आता तो गल्ल्याशेजारी असतो, पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात. परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं, "तुरटी कशी दिली?"